सेशन कोर्टाचा निकाल लागला, पुढे काय? हायकोर्टात सरकारी वकील कुणाची बाजू मांडतात, अपील आणि कैद्यांच्या अर्जाचं काय होतं, जाणून घ्या

खून, जबर मारहाण किंवा अत्याचाराचा खटला सेशन कोर्टात संपला की गावातल्या दोन घरांत दोन वेगळे प्रश्न सुरू होतात. ज्यांचा माणूस आत गेला, ते घर विचारतं, "आता हायकोर्टात जायचं कसं आणि पैसा आणायचा कुठून?" ज्यांच्यावर अन्याय झाला आणि आरोपी सुटला, ते घर म्हणतं, "सरकार अपील करीलच की, आपण कशाला धावपळ करायची?"

एका घराला सरकारी वकील म्हणजे शत्रू वाटतो, दुसऱ्याला तो आपलाच वकील वाटतो. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही समज चुकीचे आहेत. या गैरसमजापायी अपिलाची मुदत निघून जाते, कैद्याची रजा अडते आणि मधल्या दलालांचं फावतं. म्हणून सेशन कोर्टाच्या निकालानंतर फाईल नेमकी कुठे जाते आणि तिथे सरकारी वकील काय करतात, हे समजून घेणं दोन्ही घरांच्या फायद्याचं आहे.

सरकारी वकील नेमके कुणाचे?

फौजदारी गुन्हा हा फक्त एका माणसाविरुद्धचा नसून समाजाविरुद्धचा मानला जातो. म्हणून खटला सरकार चालवतं. मॅजिस्ट्रेट कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता असतात, सेशन कोर्टात जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे अतिरिक्त सरकारी वकील असतात. हायकोर्टात मुख्य सरकारी वकील आणि त्यांच्या हाताखाली अतिरिक्त सरकारी वकिलांची फळी असते. त्यांना कोर्टात 'एपीपी' म्हणतात. त्यांचं मानधन सरकार देतं. आरोपीने किंवा फिर्यादीने त्यांना एक रुपयाही द्यायचा नसतो.

हे वकील राज्याची बाजू मांडतात. काहीही करून आरोपीला शिक्षा मिळवून देणं हे त्यांचं काम नाही. पुरावा कोर्टापुढे प्रामाणिकपणे ठेवणं हे त्यांचं कर्तव्य आहे. आरोपीच्या फायद्याची गोष्ट रेकॉर्डवर असेल तर ती लपवता येत नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. सेशन कोर्टात ज्या सरकारी वकिलांनी साक्षीदार तपासले, ते सहसा हायकोर्टात उभे राहत नाहीत. हायकोर्टातल्या एपीपींनी ना फिर्यादीला पाहिलेलं असतं, ना घटनास्थळ. त्यांच्यासमोर असतात ते फक्त कागद. जबाब, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, साक्षी आणि निकालपत्र. अपिलात साक्षीदार पुन्हा बोलावले जात नाहीत, अपवाद अगदी क्वचित. थोडक्यात, हायकोर्टात माणूस कमी आणि कागद जास्त बोलतो. आणि हे सगळे कागद तालुक्यातून, पोलीस ठाण्यातून आणि जिल्हा कोर्टातूनच वर गेलेले असतात.

शिक्षा झाली तर: आरोपीचं अपील

सेशन कोर्टाने शिक्षा दिली तर हायकोर्टात अपील करणं हा आरोपीचा हक्क आहे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३७४ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४१५ आहे.

मुदत लक्षात ठेवायची. हायकोर्टातल्या अपिलाला ६० दिवस, फाशीची शिक्षा असेल तर ३० दिवस. मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेविरुद्ध सेशन कोर्टात जायचं असेल तरी ३० दिवस. निकालाची नक्कल मिळायला जितके दिवस लागले, ते यातून वजा होतात. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण कारण पटण्यासारखं हवं.

वकील लावायला पैसे नसतील तरी अपील थांबत नाही. कैदी तुरुंगातूनच अधीक्षकांमार्फत अपील पाठवू शकतो. नव्या संहितेचं कलम ४२४ हेच सांगतं. शिक्षा झालेल्याला निकालाची नक्कल मोफत आणि लगेच मिळाली पाहिजे, हेही कायद्यात आहे.

या हक्कामागे महाराष्ट्रातलंच एक प्रकरण आहे. 'एम. एच. होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात हायकोर्टाच्या निकालानंतर चार वर्षांहून जास्त उशिराने कैदी सुप्रीम कोर्टात पोहोचला. निकालाची प्रत येरवडा तुरुंगाकडे पाठवली होती असं सांगण्यात आलं, पण ती कैद्याच्या हातात पडल्याची सही कुठेच नव्हती. १९७८ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की निकालाची प्रत वेळेत आणि मोफत द्यायची, कैद्याची लेखी पोच घ्यायची आणि गरीब कैद्याला अपिलासाठी मोफत वकील द्यायचा. त्यामुळे भेटीला गेल्यावर घरच्यांनी पहिला प्रश्न हाच विचारावा: "निकालाची प्रत मिळाली का, आणि कोणत्या तारखेला?"

अपील दाखल झाल्यावर सरकारी वकील काय करतात?

प्रत्येक अपिलात समोरचा पक्ष 'महाराष्ट्र शासन' असतो. अपिलाची एक प्रत सरकारी वकिलांच्या कार्यालयात जाते. अपील दाखल करून घेतलं की हायकोर्ट खालच्या कोर्टाचं सगळं रेकॉर्ड मागवतं.

अपिलासोबत सहसा दुसरा एक अर्ज असतो. तो म्हणजे अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळावा म्हणून. फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षांपेक्षा कमी नाही अशा शिक्षेच्या गुन्ह्यात जामीन देण्याआधी कोर्टाला सरकारी वकिलांना लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. मग एपीपी पोलीस ठाण्याकडून माहिती मागवतात. आरोपीवर आणखी गुन्हे आहेत का, खटला चालू असताना जामिनावर तो कसा वागला, साक्षीदारांना धमकावलं का. तुरुंगाकडूनही अहवाल येतो. किती शिक्षा भोगली, वर्तन कसं आहे, पूर्वी रजेवरून वेळेत परतला का.

मॅजिस्ट्रेट किंवा सेशन कोर्टाने तीन वर्षांपर्यंतची शिक्षा दिली असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर अपिलाची तयारी करता यावी म्हणून तेच कोर्ट त्याला काही काळ जामिनावर सोडू शकतं. निकालाच्या दिवशीच वकिलांनी तसा अर्ज तयार ठेवायला हवा.

अपील बोर्डावर यायला इतकी वर्षं का लागतात?

रेकॉर्ड यायला वेळ लागतो, मग सगळ्या कागदांचं 'पेपरबुक' तयार होतं. त्यानंतर अंतिम सुनावणीच्या रांगेत नंबर लागतो. जन्मठेपेची अपिलं दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे चालतात. जुनी अपिलं आणि तुरुंगात असलेल्यांची अपिलं आधी घ्यायचा प्रयत्न होतो, तरी वर्षं जातात. म्हणूनच १९७७ साली 'काश्मिरा सिंग' प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं होतं की कोर्टाला वाजवी वेळेत अपील ऐकणं शक्य नसेल, तर विशेष कारण नसताना माणसाला आत ठेवणं न्यायाचं नाही. लांबलेल्या अपिलात जामीन मागताना वकील आजही या निकालाचा आधार घेतात.

या काळात घरच्यांनी अपिलाचा नंबर आणि १६ अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक लिहून ठेवावा. 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' या मोबाईल ॲपवर तो टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात. वकील फोन उचलत नाहीत म्हणून अंधारात राहायची गरज नाही. वकील बदलले किंवा वारले तर ते कोर्टाला लगेच कळवायला हवं.

अपील पडून असतानाच आरोपी मरण पावला तर सर्वसाधारणपणे अपील संपतं. पण शिक्षा फाशीची किंवा कैदेची असेल, तर आई-वडील, नवरा-बायको, मुलं-नातवंडं किंवा भाऊ-बहीण ३० दिवसांच्या आत अर्ज करून अपील पुढे चालवायची परवानगी मागू शकतात. घराण्यावरचा डाग पुसायचा असेल तर हा रस्ता आहे, पण त्याला मुदत फक्त ३० दिवसांची.

आरोपी सुटला तर: सरकारचं अपील आपोआप होत नाही

सर्वात मोठा गैरसमज इथे आहे. आरोपी निर्दोष सुटला म्हणून सरकार प्रत्येक वेळी हायकोर्टात जात नाही. आधी खटला चालवणारे सरकारी वकील निकाल वाचून आपलं मत देतात की अपील करण्यासारखं आहे की नाही. पोलिसांचंही म्हणणं घेतलं जातं. प्रस्ताव विधी व न्याय विभागाकडे जातो. तिथून होकार आला तरच हायकोर्टातले सरकारी वकील अपील तयार करतात. त्यातही सरकारला हायकोर्टाकडून आधी अपिलाची परवानगी घ्यावी लागते. सरकारच्या या अपिलाला ९० दिवसांची मुदत आहे. फाईल टेबलावर अडकली तर मुदत उलटते आणि मग विलंब माफीचा वेगळा अर्ज करावा लागतो.

परवानगी मिळणंही सोपं नसतं. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानला जातोच. खालच्या कोर्टाने सोडलं की ते गृहीतक आणखी पक्कं होतं. पुराव्यावरून दोन निष्कर्ष निघू शकत असतील आणि खालच्या कोर्टाने आरोपीच्या बाजूचा निष्कर्ष काढला असेल, तर फक्त "आम्हाला वेगळं वाटतं" म्हणून हायकोर्ट तो निकाल फिरवत नाही. निकालात ढळढळीत चूक दाखवावी लागते. साक्षीदार फितूर झाले असतील, पंचांनी पंचनामा नाकारला असेल, तर हायकोर्टातल्या सरकारी वकिलांच्या हातात फार काही उरत नाही. कोर्टात साक्ष फिरवणाऱ्याने "पुढे हायकोर्टात बघू" असं म्हणण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

उलट बाजूही आहे. हायकोर्टाने सुटका रद्द करून १० वर्षं किंवा त्याहून जास्त, जन्मठेप किंवा फाशी दिली, तर आरोपीला सुप्रीम कोर्टात अपिलाचा थेट हक्क मिळतो.

पीडित कुटुंब स्वतः अपील करू शकतं

सरकार अपील करेल म्हणून वाट पाहत बसायचं कारण नाही. २००९ पासून पीडिताला स्वतंत्र अपिलाचा हक्क आहे. नव्या संहितेत तो कलम ४१३ मध्ये आहे. 'पीडित' या शब्दात पीडिताचे पालक आणि कायदेशीर वारसही येतात. आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी धरला गेला किंवा नुकसानभरपाई अपुरी दिली, या तीन कारणांसाठी हे अपील करता येतं. सरकारला लागते तशी हायकोर्टाची परवानगी पीडिताला लागत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ साली 'मल्लिकार्जुन कोडगली' प्रकरणात सांगितलं आहे.

मात्र "शिक्षा दिली पण कमी दिली" एवढ्याच कारणासाठी पीडिताला अपील करता येत नाही. शिक्षा वाढवून मागण्याचं अपील सरकारच करू शकतं. अशा वेळी कुटुंबाने निकालाची नक्कल जोडून जिल्हा सरकारी वकिलांकडे आणि पोलीस अधीक्षकांकडे लेखी मागणी करावी आणि पोच घ्यावी.

पीडिताच्या अपिलासाठी कायद्यात वेगळी मुदत लिहिलेली नाही. म्हणून निवांत राहू नये. निकालानंतर शक्यतो महिन्याच्या आत वकील किंवा विधी सेवा समिती गाठावी. मॅजिस्ट्रेटने आरोपीला सोडलं असेल तर हे अपील सेशन कोर्टात, सेशन कोर्टाने सोडलं असेल तर हायकोर्टात होतं.

ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात हक्क आणखी मजबूत आहेत. जामीन, शिक्षा, सुटका अशा टप्प्यांवर पीडिताला म्हणणं मांडायचा हक्क आहे आणि कोर्टातल्या कारवाईची माहिती वेळेत मिळायला हवी. त्यासाठी पोलीस ठाण्यात आपला चालू मोबाईल नंबर आणि पत्ता नोंदवलेला असणं गरजेचं आहे. गाव सोडून ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या कुटुंबांची नोटीस अनेकदा जुन्या पत्त्यावरून परत जाते.

कैद्यांच्या याचिका: फर्लो आणि पॅरोल

हायकोर्टातल्या एपीपींच्या टेबलावर अपिलांइतकाच कैद्यांच्या याचिकांचा गठ्ठा असतो. त्यातल्या बऱ्याच रजेसंबंधी असतात. रजा दोन प्रकारची. संचित रजा म्हणजे फर्लो. ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर, वर्तन चांगलं असेल तर मिळणारी, त्यासाठी खास कारण लागत नाही. अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. घरात मृत्यू, गंभीर आजारपण, लग्न अशा कारणासाठी मिळणारी. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. फर्लो हा कैद्याचा अबाधित हक्क नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये 'नारायण साई' प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पण नियमात बसत असताना विनाकारण नाकारणंही चालत नाही.

रजेचा अर्ज आला की कैद्याच्या गावच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. पोलीस गावात येतात, जामीनदाराचा जबाब घेतात, पीडित कुटुंबाला विचारतात. अहवाल प्रतिकूल आला की बहुतेक वेळा अर्ज फेटाळला जातो. मग कैदी तुरुंगातून हाताने लिहिलेलं पत्र हायकोर्टाला पाठवतो. त्याची फौजदारी रिट याचिका म्हणून नोंद होते आणि विधी सेवा समितीमार्फत वकील दिला जातो.

आता एपीपींचं काम सुरू होतं. ते तुरुंग अधीक्षक आणि पोलीस ठाण्याला पत्र पाठवून प्रतिज्ञापत्र मागवतात. कोर्टाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रजा नाकारायला ठोस आधार काय? "गावात तणाव निर्माण होऊ शकतो" एवढं एक वाक्य पुरत नाही. आधीच्या रजेत धमकी दिल्याची तक्रार, उशिरा परतल्याची नोंद, पीडिताच्या घराजवळ दिसल्याचा जबाब असं काही असेल तर ते वजनदार ठरतं.

म्हणून गावकऱ्यांचा जबाब इथे महत्त्वाचा. पीडित कुटुंबाला खरोखर भीती असेल तर कारण, तारीख, प्रसंग सांगून जबाब द्यावा. जामीनदाराने वाचून सही करावी. कोऱ्या कागदावर सही कुणीच करू नये. आणि रजेवर आलेल्या कैद्याला घरच्यांनी ठरल्या दिवशी तुरुंगाच्या दारात पोहोचवावं. उशिरा परतलं तर गुन्हा दाखल होऊ शकतो, मिळालेली सूट कापली जाते आणि पुढची रजा अडते.

जन्मठेप म्हणजे १४ वर्षं?

नाही. जन्मठेप म्हणजे आयुष्यभर. ज्या गुन्ह्याला फाशीचीही तरतूद आहे, त्यात जन्मठेप झाली तर प्रत्यक्ष १४ वर्षं तुरुंगात काढल्याशिवाय सुटकेचा विचारही होत नाही. त्यानंतर सरकार गुन्ह्याच्या प्रकारानुसार ठरवतं की एकूण किती वर्षांनी सोडायचं. त्यासाठी शिक्षा देणाऱ्या कोर्टाचं आणि पोलिसांचं मत मागवलं जातं. शिक्षा झाली त्या वेळी जे धोरण लागू होतं, ते सहसा लावलं जातं. सरकारने चुकीच्या वर्गात टाकलं म्हणून कैदी हायकोर्टात येतो, तेव्हा सरकारी वकिलांना निर्णयाची कारणं दाखवावी लागतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्याचं धोरण असेल तर पात्र कैद्यांच्या सुटकेचा विचार सरकारने अर्जाची वाट न पाहता करायचा आहे. आणि जानेवारी २०२४ च्या बिल्कीस बानो निकालाने हेही पक्कं केलं की ज्या राज्यात शिक्षा झाली, त्याच राज्याच्या सरकारला सुटकेचा अधिकार आहे. सुरत किंवा बेळगावच्या कोर्टात शिक्षा झालेल्याचं कुटुंब मुंबईत मंत्रालयाच्या खेपा मारत असेल, तर त्या खेपा वाया जातात.

आपला जिल्हा कोणत्या हायकोर्टात?

विदर्भासाठी नागपूर खंडपीठ. मराठवाडा तसेच अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी छत्रपती संभाजीनगर खंडपीठ. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर सर्किट बेंच. पुणे, नाशिक, ठाणे, पालघर, रायगड आणि मुंबईसाठी मुंबई.

हे लक्षात ठेवा

– निकालाच्या दिवशीच नक्कलेसाठी अर्ज करा, पावती जपून ठेवा.

– तुरुंगातला माणूस, महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा.

– सरकारी वकिलांना फी नसते. त्यांच्या नावाने कुणी पैसे मागितले, "हायकोर्टात सेटिंग लावतो" म्हणालं, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४.

– पोलीस ठाण्यात, तुरुंगात किंवा सरकारी वकिलांच्या कार्यालयात दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्या. पुढे हायकोर्टात मुदत आणि उशीर यावर वाद झाला, तर त्या पोचपावतीवरची तारीखच कामाला येते.